दहा घरांचं पाणी

पंजाबराव गावंडे यांनी आयुष्यात एकच गोष्ट हट्टानं स्वतःसाठी करून घेतली होती, आणि ती जमिनीखाली चारशे फूट खोल होती.

रेल्वेत त्यांची तेहेतीस वर्षं गेली. नागपूरकडून आलेला हा गडी छत्तीसगढात दुर्गच्या लाइनीवर गँगमन म्हणून लागला आणि मेट होऊन बाहेर पडला. मेट म्हणजे गँगचा म्होरक्या. रूळ उचलायचा असला की माणसं दोन्ही अंगांनी वाकायची आणि मेट बाजूला उभा राहून हाळी द्यायचा. हाळी आल्याशिवाय कोणी रुळाला हात लावायचा नाही. निवृत्त झाल्यावर भिलाईत, स्मृति नगरच्या मागच्या अंगाला, दहा घरांच्या एका गल्लीत त्यांनी प्लॉट घेतला. लोक आधी पाया खणतात, पंजाबरावांनी आधी बोअर खणला. अडीचशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा मशीनवाला मशीन थांबवायला निघाला, तर हे म्हणाले, "थांबू नको. अजून जा."

त्यामागं कारण होतं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असताना सोळा घरांना मिळून एक नळ होता. एका उन्हाळ्यात नळावर दोन बायांची नंबरावरून जुंपली, एकीनं रागाच्या भरात पितळी घागर भिरकावली, आणि ती लागली मधे उभ्या असलेल्या चार वर्षांच्या रोशनीला. पंजाबरावांची एकुलती मुलगी. डाव्या भुवईच्या वर सात टाके पडले. पंजाबराव ड्युटीवरून परत आले तेव्हा पोर झोपली होती आणि नळाजवळच्या फरशीवर रक्त वाळलेलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की जे सगळ्यांचं असतं त्याच्यावर शेवटी डोकीच फुटतात.

रोशनी आता रायपूरला नांदत होती, तिला स्वतःची दोन लेकरं होती. पण तो डाग पाहिला की पंजाबरावांची नजर अजून वळायची.

त्या वर्षी गल्लीतले बोअर एप्रिलपासूनच दगा देऊ लागले. दहा घरांत पाच बोअर. महिन्याभरात तीन कोरडे पडले. राहिला पंजाबरावांचा, आणि शेजारच्या मृणाल बोरकरांचा, तोही दोनशे ऐंशी फुटांचा, अर्धा तास चालला की धापा टाकणारा. मृणाल शाळेत शिकवायच्या. त्यांनी नऊ घरांच्या लोकांना आपल्या पोर्चमध्ये बसवलं आणि ठरवलं, की आपला बोअर सगळ्यांचा. गल्लीच्या भिंतीनं एक पाइप टाकायचा, दर घराला एक वॉल्व्ह, आणि पाळीपाळीनं पाणी घ्यायचं. लोकांनी मान्य केलं. काहींनी गरजेपोटी, काहींनी मृणालताईंना नाही म्हणवेना म्हणून. टॅक्सीचा धंदा असलेल्या राजकुमारनं तर फक्त एवढ्यासाठी, की समितीत राहिलं तर निदान बोलता येईल.

दुसऱ्या दिवशी मृणाल आणि समोरच्या घरातला आनंद, स्टील प्लांटमध्ये क्लार्क असलेला, असे दोघं पंजाबरावांकडे आले.

"काकाजी," मृणाल म्हणाल्या, "माझा एकटा बोअर नऊ घरं नाही ओढणार. तुमचा जोडला तर जून निघून जाईल."

पंजाबरावांनी पाण्याचे पेले पुढे सरकवले. "पाणी प्या. पण जोडाचं म्हणाल, तर ते मले जमणार नाही."

"कावून, काकाजी?"

"तुमची मोटर तुमी जपता, माही मी जपतो. एकदा दहा जणांची झाली की कोणाचीच राहात नाही. कोणी वॉल्व्ह उघडा टाकीन, कोणी गाड्या धुईन. मंग भांडाले सुरू. म्या हे सारं पाहून ठेवलं आहे."

"म्हणूनच तर समिती केली ना," आनंद म्हणाला. "नियम राहतील."

"नियम लिवणारे भेटतात, बाप्पा. पाळणारा दाखव मले एक."

आनंदच्या चेहऱ्यावर राग चढत होता. मृणालनं त्याच्या कोपराला हात लावला आणि दोघं उठले. जाताना त्यांनी फाटक लावलं तेव्हा त्याचा आवाज जरा जास्तच झाला.

त्यानंतर गल्ली बदलली. कोणी काही बोललं नाही, तेच अवघड होतं. सकाळी पंजाबराव दूध घेऊन येताना दिसले की पोर्चमधली बोलणी बंद पडायची. टँकर आला की बादल्यांची रांग लागायची आणि त्या रांगेतले डोळे त्यांच्या छतावरच्या टाकीकडे वळायचे. एकदा टाकी भरून वाहिली. दोन मिनिटंच, पण पन्हाळीतून पडणारी धार सगळ्या गल्लीनं पाहिली. राजकुमार मोठ्यानं, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला, "बहने दो भाई, अपना-अपना नसीब है."

पंजाबराव खाली मान घालून आत आले. बायको तारा ओट्याशी उभी होती.

"ऐकलं काय?" तिनं विचारलं.

"ऐकलं."

तारा परत ओट्याकडे वळली. गल्लीच्या टोकाच्या घरातली रुक्मा, चार घरी स्वयंपाक करणारी छत्तीसगढी बाई, रोज दुपारी मागच्या भिंतीशी येते आणि तारा तिला दोन बादल्या देते, हे पंजाबरावांना ठाऊक होतं. ते त्या वेळेला मुद्दाम पुढच्या खोलीत पेपर उघडून बसायचे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मृणालचा बोअर बंद पडला. सकाळी मोटर गुरगुरली आणि थांबली. मिस्त्री आला, त्यानं स्टार्टर पाहिला, केबल पाहिली आणि म्हणाला, मोटर वर काढावी लागेल. पण मोटर ओढायची त्याची घोडी, म्हणजे लोखंडी तिपाई, आणि चेन पुली दुसऱ्या कामावर अडकलेली, दोन दिवस मिळणार नव्हती. काळा प्लास्टिकचा पाइप आहे, तो माणसंही हातानं ओढू शकतात, फक्त आठ-दहा जण हवेत. नऊ घरं दोन दिवस थांबायला तयार नव्हती. सकाळी नऊ वाजता, ऊन तापायला लागलेलं असताना, अख्खी गल्ली मृणालच्या अंगणात जमली.

पंजाबराव आपल्या गच्चीवरून पाहत होते. पाहायचं नव्हतं, पण पाय तिथून हलेनात.

पाइप बोअरच्या तोंडातून वर येऊ लागला. पुढचे लोक तो खांद्यावर घेऊन फाटकातून गल्लीत चालत निघाले, काळ्या अजगरासारखा तो एकेका खांद्यावरून लांबत गेला. साठ फूट, ऐंशी, शंभर. पाइपात पाणी भरलेलं, खाली मोटरचं वजन, वर केबल. आणि हाळी कोणीच देत नव्हतं. पुढचे थांबले की मागचे ओढत होते, मागचे थांबले की पुढचे चालत होते. मिस्त्री बोअरच्या तोंडाशी राजकुमारसोबत पाइप धरून ओरडत होता, पण त्याचं ओरडणं गल्लीच्या वळणापलीकडे पोचत नव्हतं. पंजाबरावांचे हात गच्चीच्या कठड्यावर आवळले गेले. "असं नाई," ते स्वतःशीच पुटपुटले. "असं नाई, बाप्पा."

मोटरला बांधलेला सुरक्षेचा दोरही पाइपासोबत वर येत होता. त्याचं दुसरं टोक मृणालच्या पोर्चच्या खांबाला बांधलेलं होतं. वर आलेला दोर आनंद ओढून घेत होता आणि पायाशी टाकत होता. वेटोळ्यावर वेटोळं. आणि त्या वेटोळ्यांच्या मधोमध आनंदचा डावा पाय होता.

पंजाबराव कठड्यावरून पुढं वाकले. पाइप निसटला, तर मोटर खाली धावणार, तिच्यामागं दोर धावणार, आणि दोराचा फास घोट्याला बसला की माणूस बोअरच्या तोंडाशी ओढला जाणार. लाइनीवर त्यांनी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट होती ती: दोराच्या पोटात उभं राहायचं नाही.

"आनंद! पाय काढ!" ते ओरडले.

शेजारच्या दोन कूलरच्या घरघरीत आवाज विरून गेला. ते पुन्हा ओरडले. आनंदनं वर पाहिलं, त्याला काही ऐकू आलं नाही, आणि तो कपाळावरचा घाम पुसून परत दोर ओढू लागला.

पंजाबराव जिन्याकडे धावले. उजवा गुडघा कधीचा कामातून गेलेला, एरवी ते एकेक पायरी कठडा धरून उतरायचे. त्या दिवशी त्यांनी कठड्याला हात लावला की नाही, ते त्यांनाही आठवलं नाही. तारा "काय झालं जी?" म्हणत दारात आली तोवर ते फाटकाबाहेर होते.

मृणालच्या अंगणात पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी वळणापलीकडच्या कोणीतरी खांद्यावरचा पाइप दमून खाली ठेवला. सगळा भार बोअरच्या तोंडाशी उभ्या मिस्त्री आणि राजकुमारच्या हातांवर आला. राजकुमारच्या तोंडून किंकाळी निघाली. पाइप त्याच्या तळव्यांतून सरकला, सर्रकन् खाली पळाला, आणि आनंदच्या पायाशी पडलेला दोर जिवंत झाल्यासारखा उसळला.

पंजाबरावांनी दोन्ही हातांनी आनंदच्या छातीवर धक्का मारला. तो उताणा फरशीवर आपटला. त्याची चप्पल फासात अडकली आणि डोळ्यांदेखत बोअरच्या तोंडाशी जाऊन तिथंच चिमटली. मग दोर खांबाला ताणला गेला, धप्प आवाज झाला, खांबाचं प्लास्टर तडकलं आणि सगळं थांबलं.

 आनंद पडल्या पडल्या आपल्या पायाकडे पाहत होता. राजकुमारचे तळवे सोलले गेले होते. ते धुवायलासुद्धा अंगणात पाणी नव्हतं. तारा धावत घरून तांब्या घेऊन आली.

"पाइपाले कोणी हात लावू नका," पंजाबराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मेट म्हणून वीस वर्षं रुळाशेजारी कमावलेला होता. त्यांनी दोराचे खांबाला दोन वेढे दिले, गाठ सोडली आणि मोकळं टोक मृणालच्या हातात ठेवलं. "पाइप वर आला की ढिला दोर असा ओढाचा अन् वेढा आवळाचा. मंग निसटला तरी हातभरच जाईन. तुमचा पाय दोराच्या बाहेर. समजलं?"

"हो, काकाजी."

"रुक्मा, तू वळणावर उभी राह्य. मी इकडून हात वर केला की तूही करजो. आता कोणी मनानं चालाचं नाही. मी म्हणीन तवाच उचलाचं, म्हणीन तवाच थांबाचं."

त्यांनी प्रत्येकाची जागा ठरवली. उंच माणसं एका बाजूला, ठेंगणी दुसरीकडे, म्हणजे भार एकाच खांद्यावर येणार नाही. मग हात वर केला.

"धरून... हां! उचल! चल, एक. चल, दोन. थांब!"

पहिल्या तीन हाळ्यांना लोकांची पावलं अडखळली. चौथीला जुळली. पाइप पुन्हा वर येऊ लागला, यावेळी संथ, एका चालीनं. दीडशे फूट. दोनशे. दोनशे तीस फुटांवर तो अडकला. मिस्त्री म्हणाला, बोअरच्या भिंतीची माती ढासळली असेल, त्या गाळात मोटर रुतली, एक जोराचा हिसका द्या.

"हिसका नाही," पंजाबराव म्हणाले. "हिसक्यानं जोड तुटते. नुसता ताण द्या अन् धरून ठेवा."

ताण दिला. दहा घरांतली माणसं त्या एका पाइपाखाली वाकून उभी राहिली, उन्हात, बोलायचं नाही, हलायचं नाही. कोणाच्या तरी कोपरावरून घाम टपकत होता. पंजाबराव मोजत होते, वीसपर्यंत मोजून ढील देत होते, पुन्हा ताण. चार वेळा काहीच झालं नाही. मागून कोणी म्हणालं, राहू द्या, गेली मोटर. पाचव्या वेळेला पाइप बोटभर सरकला. मग वीतभर. मग खालून गाळानं काहीतरी सोडल्यासारखा एक ओला आवाज आला आणि पाइप हलका झाला.

चिखलानं माखलेली मोटर बाहेर आली तेव्हा जळाल्याचा वास अंगणभर पसरला. मिस्त्रीनं तिला हात लावला, मग बोअरमध्ये टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. मोटर जळली होती. आणि बोअरची आतली बाजूही ढासळली होती. नवी मोटर टाकून उपयोग नव्हता.

एवढं सगळं करून हाती काही आलं नाही. लोक एकेक करून आपापल्या घरी गेले. जाताना कोणी पंजाबरावांकडे पाहिलं नाही. आनंद तेवढा जवळ आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतेच हात जोडून गेला.

त्या दिवशी पंजाबराव जेवणानंतर आडवे झाले नाहीत. आता हे लोक येतील, असं त्यांना वाटत होतं. आता गल्लीत एकच चालता बोअर होता, त्यांचा. नाही म्हणायला त्यांनी शब्दही जुळवून ठेवले. चार वाजले, पाच वाजले. कोणी आलं नाही. मृणालच्या घराचं दार बंद होतं. रुक्माही मागच्या भिंतीशी आली नाही.

"आली नाही आज," ते न राहवून ताराला म्हणाले.

"कोण?"

"तेच... पाणी न्याले येते ते."

तारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लाज वाटली असन तिले. सकाळी तुमच्या हाळीवर पाइप उचलला, आता कोणत्या तोंडानं मांगाले येईन?"

संध्याकाळी रोशनीचा फोन आला. तिला आईकडून सगळं कळलं होतं. आधी तिनं गुडघ्याची चौकशी केली, मग सरळ विचारलं, "बाबा, तुमी पाणी कावून नाही देऊन राहिले?"

"तुले माहीत आहे कावून. आरशात पाह्य."



"बाबा, मले घागर लागली तवा तुमी ड्युटीवर होते. आई मले शेजारी ठेवून माहेरी गेली होती आजोबाच्या दुखण्यापायी. मले दवाखान्यात कोणी नेलं, कधी विचारलं काय तुमी?"

पंजाबरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नळावरच्या बायांनी नेलं. जिनं घागर फेकली ना, तिनंच मले कडेवर घेतलं होतं. चालत. तिचं अख्खं लुगडं भरलं होतं रक्तानं. रस्ताभर रडत होती ती. मले तेवढंच आठवते, बाबा. मार आठवत नाही."

फोन ठेवल्यावर पंजाबराव बराच वेळ पोर्चमध्ये बसून राहिले. ती बाई त्यांना आठवत होती. तिच्या नवऱ्याची बदली होईपर्यंत, सहा वर्षं, ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ती समोरून आली की रस्ता बदलायचे. ती दोन-तीनदा दाराशी येऊन उभी राहिली होती आणि त्यांनी दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी मृणालच्या दाराची कडी वाजवली. "पाइप कुठून न्याचा?" एवढंच विचारलं.

त्यांच्या अटी मात्र होत्या. मोटर तेच चालवतील, वॉल्व्ह तेच फिरवतील, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि पहिली पाळी त्यांच्या घराची, पुरा अर्धा तास. बाकी घरांना वीस-वीस मिनिटं. कोणी हरकत घेतली नाही, घ्यायची सोयही नव्हती. रोज पहाटे पाचला पंजाबराव मोटर सुरू करायचे आणि घड्याळ पाहत एकेका घराचा वॉल्व्ह उघडत गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. रुक्माच्या नळाला पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा ती हरखून ओरडली नाही की काही नाही, फक्त धारेखाली दोन्ही हात धरून बघत राहिली.

पंजाबराव आणखी एक काम करायचे, ते कोणालाच माहीत नव्हतं. मोटर सुरू करण्याआधी ते दोरीला लोखंडी नट बांधून बोअरमध्ये सोडायचे आणि पाणी किती फुटांवर लागतं ते पाहायचे. पहिल्या दिवशी दोनशे दहा. आठवड्यानं दोनशे तीस. पंधराव्या दिवशी दोनशे सत्तर. मोटर तीनशे चाळीसवर होती. ते कोणाला काही बोलले नाहीत, ताराला पण नाही.

अठराव्या दिवशी शेवटच्या पाळीत पाइपातून हवा फुसफुसली. पाणी थुंकीसारखं तुटक आलं आणि मोटरचा सूर बदलला. त्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं.  दुसऱ्या दिवशी नट तीनशे पाचवर पाण्याला लागला.

ते बोअरशेजारी उकिडवे बसले. अजून उजाडलं नव्हतं. दहा घरांत लोक उठून बादल्या मांडत असतील. आपलंच खरं झालं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यात समाधान वाटत नव्हतं. मग दुसरा विचार आला. गल्लीच्या पाइपाचा वॉल्व्ह बंद करायचा आणि सांगायचं, मोटर जळली. मृणालची जळली तशी. कोण पाहायला येणार होतं? आठ-पंधरा दिवस घरापुरतं चोरून घेतलं असतं तर पुरलं असतं. त्यांचा हात वॉल्व्हवर गेला. चाक थंडगार होतं. त्यांनी ते अर्धं फिरवलंही.

"काय झालं जी?" मागून तारा म्हणाली. "आज उशीर?"

अंधारात तिला त्यांचा हात दिसला की नाही, कळायला मार्ग नव्हता. पंजाबरावांनी हात चाकावरून काढला.

"तारा," ते म्हणाले, "जाय, सगळ्याइले बोलवून आण. पाणी खाली चाललं."

लोक झोपेतल्या चेहऱ्यांनी जमले. पंजाबरावांनी रोजचे आकडे सांगितले. दोनशे दहापासून तीनशे पाचपर्यंत, एकही न चुकवता. एकदम गलका झाला.

राजकुमार पुढे आला. त्याच्या तळव्यांवर नवी कातडी अजून गुलाबी होती. "अठारह दिन से आपको मालूम है? और आप चुप बैठे रहे?"

"हो."

"क्यों?"

"मले वाटलं, तुमाले समजलं तर जो तो जास्तीचं भरून ठेवीन."

"और हमको ये कैसे मालूम कि आज भी सच बोल रहे हैं? आधा घंटा तो आप लेते हो!"

आनंद मधे पडायला गेला, पंजाबरावांनी त्याला हातानं थांबवलं.  या माणसाला फाटकाबाहेर काढावं, बोअर आपला आहे, असं जिभेवर आलं होतं. त्याऐवजी त्यांनी दोरी उचलली आणि राजकुमारच्या हातात दिली.

"तूच मोज."

राजकुमारनं नट खाली सोडला. दोरीवर दर दहा फुटांवर गाठ होती. तो मोठ्यानं गाठी मोजत गेला आणि सगळी गल्ली त्याच्यासोबत मनात मोजत होती. तिसाव्या गाठीनंतर थोडी दोरी गेली आणि खाली बारीकसा डुब् आवाज झाला. राजकुमारनं दोरी वर ओढली, पुन्हा सोडली. तोच आवाज, तिथंच.

"तीन सौ पाँच," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

मग उकिडवे बसूनच बोलणं झालं. पाळी बारा मिनिटांची. कूलरमध्ये दिवसातून एकदाच पाणी. गाड्या धुणं बंद. गाड्यांचं निघालं तेव्हा राजकुमारनं मान वर केली. "बंद कर दूँगा. लेकिन बारह मिनट सबका. सबका मतलब सबका."

सगळे पंजाबरावांकडे पाहू लागले. चारशे फूट खणताना मशीनवाल्याला थांबू नको म्हणालेला माणूस खाली मातीकडे पाहत बसला होता. त्यांना ताराकडे पाहायचं होतं, पण त्यांनी पाहिलं नाही.

"बारा," ते म्हणाले. "अन् उद्यापासून पाणी मोजाले एकेक घर पाळीनं येईन. मी एकटा नाही मोजणार."

बारा मिनिटं ऐकायला सोपी होती. जूनचे ते दिवस कठीण गेले. दोनदा भांडणं झाली. एकदा कोणीतरी पाळी नसताना वॉल्व्ह उघडला आणि मृणालनं सगळ्यांसमोर त्या घराची दुसऱ्या दिवशीची पाळी कापली. ते घर निघालं आनंदचं. त्याची बायको चार दिवस कोणाशी बोलली नाही, पण पाळी कापलेली तिनं निभावली. नट तीनशे दहावर गेला, तीनशे बारावर गेला, आणि तिथं थांबला. रोज पहाटे कोणीतरी नवा माणूस दोरी सोडायचा आणि आकडा ओरडून सांगायचा, आणि घरोघरी तो आकडा ऐकून लोक बादल्या कमी-जास्त मांडायचे.

पुढं पाऊस लागला आणि पाणी चढलं. दोनशे नव्वद, दोनशे पन्नास. ऑगस्टमध्ये पाळ्या सैल करायची गोष्ट निघाली तर राजकुमारच म्हणाला, अभी नहीं, मई फिर आएगा.

त्याच महिन्यात पंजाबरावांना ताप भरला. अंग असं दुखत होतं की कूस बदलताना तोंडातून आवाज निघायचा. मोटर कोण चालवणार म्हणून ते पहाटे उठू लागले, तर तारानं पांघरूण दाबून धरलं.

"रुक्मा आली आहे. बटन तिनं दाबलं. तुमी पडून राहा."

"तिले कुठं येते?"

तेवढ्यात खिडकीबाहेरून रुक्माचा आवाज आला, "दू सौ पैंतीस!" आणि मग, त्यांचं बोलणं ऐकू गेलं असावं, "सुत जा बाबा, मैं हों ना." झोपून राहा म्हणत होती ती.

पंजाबराव छताकडे पाहत पडून राहिले. मोटरचा सूर बरोबर होता. पहिला वॉल्व्ह उघडला, त्यांच्याच घराचा. मग शेजारी मृणालचा. मग पावलं पुढं गेली. गल्लीच्या त्या टोकाचं इथून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ गेला. ताप चढत होता तरी डोळा लागेना.

"तारा," त्यांनी हाक मारली. "रुक्माच्या घरी पोचलं काय, पाहून ये ना."

तारा चपला घालून गेली आणि परत आली. "पोचलं. चांगली धार आहे."

"बारा मिनिटं झाली की बंद केलं काय तिनं?"

"तेवढं आता तुमीच बरे होऊन पाहा," तारा म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.